तुरुंग जुना की हिशोब जुना?

नगरच्या भुईकोट किल्ल्यातील ज्या खोलीत जवाहरलाल नेहरू स्थानबद्ध होते, ती खोली पाहण्याचा योग मला अनेक वेळा आला. प्राध्यापकी करीत असताना मी विद्यार्थ्यांना घेऊन जात असे. निवृत्तीनंतर हिवरे बाजारला, माझ्या जन्मगावी, राहावयास आल्यापासून घरी येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन जातो. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत स्वातंत्र्यलढ्याचे बारा नेते या किल्ल्यात बंदिवान होते. नेहरू, पटेल, मौलाना आझाद ही नावे सर्वांना ठाऊक असतात. आपल्या चळवळीचे आचार्य नरेंद्र देव त्या बारांपैकीच एक होते, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते. नेहरूंचा ‘भारताचा शोध’ आणि आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ यांचा जन्म याच भिंतींच्या आत झाला. खोलीच्या दाराशी आले की बोलका विद्यार्थीही गप्प होई. तुरुंगाची भिंत पाहून मनुष्याची मान अभिमानाने उंच व्हावी, असे भाग्य फार थोड्या देशांच्या वाट्याला आले असेल.

गेल्या वर्षी मात्र मला दुसऱ्या एका तुरुंगाच्या दाराशी काही सकाळी उभे राहावे लागले. तोही इंग्रजांच्या काळातलाच, तेवढाच जाड भिंतींचा, पण अद्याप वापरात असलेला. माझ्याबरोबर एक पारधी समाजातील बाई होत्या. त्यांचा मुलगा चोरीच्या आरोपावरून आत होता. न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला होता आणि तरीही तो सुटत नव्हता. बाईंनी मला विचारले, “सर, जामीन झालाय म्हणत्यात, मग सोडत का न्हाईत?” अर्थशास्त्र विषय घेऊन मी पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालो आणि तोच विषय आयुष्यभर शिकविला, परंतु या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

भिंतींचा वारसा

महाराष्ट्रातील तुरुंगांची यादी चाळली तर ती एखाद्या इतिहासाच्या पुस्तकासारखी वाटते. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो अठराव्या शतकातला. याच किल्ल्यातून १८१६ साली, आपल्याच जिल्ह्यातील निमगाव जाळीचे त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. आणि येथेच २ मे १८४८ रोजी, अकोले तालुक्यातून उठलेल्या राघोजी भांगरे यांना फाशी देण्यात आले. नागपूरचे कारागृह १८६४ चे, येरवड्याचे १८७१ चे. येरवड्यात चापेकर बंधूंना फाशी झाली, गांधीजी येथे राहिले, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या त्याही येथेच. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढल्या वर्षी गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. मुंबईचा आर्थर रोड तुरुंग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला. आपल्या जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यातील विसापूरच्या तुरुंगाने सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना पाहिले आहे. आणीबाणीत प्रमिला दंडवते येरवड्यात होत्या आणि मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात.

मी त्या वेळी नगरला महाविद्यालयात शिकत होतो. सत्याग्रह करून आत गेलेल्या वडीलधाऱ्यांना पोस्टकार्डे लिहिणे, एवढाच माझा त्या लढ्यातील वाटा. तरीही आपल्या चळवळीच्या घराघरांत तुरुंगाच्या आठवणी एखाद्या तीर्थयात्रेच्या आठवणींसारख्या सांगितल्या जात, हे मी पाहिले आहे. त्यात गैर काही नव्हते. परंतु या आठवणींनी एक भ्रम निर्माण केला. तुरुंग म्हणजे मोठ्या माणसांनी ग्रंथ लिहिण्याची जागा, असे आपल्याला वाटू लागले. त्याच भिंतींच्या आत त्यांच्या शेजारच्या बराकीत जो साधा कैदी होता, तो कोण होता आणि त्याचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारले.

जुन्या तुरुंगांच्या इमारतींना आज दोन गती आहेत. पहिली स्मारकाची. अंदमानचा सेल्युलर तुरुंग १९०६ साली बांधून पूर्ण झाला व १९७९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाला. गोव्यातील आग्वादचा तुरुंगही त्याच वाटेने गेला. १९४६ च्या सप्टेंबर अखेरीस डॉ. राममनोहर लोहिया दुसऱ्यांदा गोव्यात शिरले तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांना या आग्वादमध्ये डांबले होते. नानासाहेब गोरे आणि मधु लिमये यांनीही १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याच्या तुरुंगात दीर्घ काळ काढला. आग्वादचे कैदी २०१५ साली कोलवाळच्या नव्या कारागृहात हलविण्यात आले आणि जुन्या इमारतीचे डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय झाले.

दुसरी गती म्हणजे अखंड वापराची. ठाणे, नागपूर, येरवडा, धुळे, आर्थर रोड येथील तुरुंग अद्याप भरलेले आहेत, आणि नुसते भरलेले नाहीत, ओसंडत आहेत. आर्थर रोडला आठशेच्या आसपास जागा असताना तीन हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. येरवड्यातही अलीकडच्या काळात क्षमतेच्या दुपटीहून अधिक बंदी राहिले आहेत. त्यातच २६ जानेवारी २०२१ पासून येरवड्यात ‘कारागृह पर्यटन’ सुरू करण्यात आले. म्हणजे एकाच आवारात तिकीट काढून इतिहास पाहावयास येणारे लोक आणि कूस बदलावयाची तर शेजाऱ्याला उठवावे लागेल अशा दाटीत झोपणारे लोक, असे दोन्ही प्रकार. पर्यटनाला माझा विरोध नाही. नव्या पिढीने त्या जागा पाहिल्या पाहिजेत. पण ज्या घरात माणसे गुदमरत आहेत त्या घराची ओसरी सजवून आपण पाहुण्यांना पानसुपारी देत आहोत, एवढे तरी आपल्या ध्यानात असावे.

नवा तुरुंग हा उपाय आहे काय?

या स्थितीवर सरकारी उत्तर ठरलेले असते. इमारती जुन्या झाल्या, जागा अपुरी पडते, म्हणून नवे व मोठे तुरुंग बांधा. आपल्या काही मित्रांनाही हे उत्तर पुरोगामी वाटते. शतकापूर्वीच्या अंधाऱ्या कोठड्यांत माणसाला ठेवू नये, हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे. गळके छप्पर दुरुस्त झाले पाहिजे, संडासांची संख्या वाढली पाहिजे, हवा-उजेड आला पाहिजे, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु गर्दीवरचा उपाय म्हणून नव्या भिंतींकडे पाहणे ही हिशोबातील चूक आहे. आणि ती चूक मला माझ्या पाठ्यपुस्तकांनी शिकविली त्याहून अधिक स्पष्टपणे माझ्या गावाने शिकविली.

हिवरे बाजार आज ‘आदर्श गाव’ म्हणून ओळखले जाते, पण माझ्या तरुणपणी ते तसे नव्हते. पावसाची सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, डोंगर उघडे, विहिरी उन्हाळ्यापूर्वीच कोरड्या, तरुण मंडळी कामासाठी परगावी गेलेली. सरकारी नोकरास शिक्षा म्हणून ज्या गावी बदली करीत, त्यांत आमच्या गावाची गणना होत असे. अशा गावात १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पाणलोटाची कामे झाली, समतल चर खणले गेले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी आली. ही हकीकत आता सर्वत्र सांगितली जाते. परंतु ज्या गोष्टीकडे पाहुण्यांचे कमी लक्ष जाते ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यास किती लागेल, जनावरांस किती लागेल, याचा हिशोब ग्रामसभेपुढे मांडला जातो व त्यावरून कोणते पीक घ्यावयाचे हे ठरते. पाऊस चांगला झाला तर दोन पिके, बेताचा झाला तर एक, फारच थोडा झाला तर पिण्यापुरते पाणी राखून बाकीच्या मागणीला आवर. शेतीसाठी कूपनलिका खणण्यास बंदी आहे आणि उसासारख्या पाणी पिणाऱ्या पिकालाही. विहीर आटली की अधिक खोल खणा, हा मार्ग गावाने जाणूनबुजून सोडला. कारण खोल खणल्याने पाणी वाढत नाही, फक्त दुष्काळ खाली सरकतो.

तुरुंगाचा हिशोब असाच मांडून पाहावा. रोज सरासरी १० माणसे तुरुंगात येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी १०० दिवस राहत असेल, तर आत एका वेळी १,००० माणसे असतील. येणाऱ्यांची संख्या तीच ठेवून राहण्याचा काळ ६० दिवसांवर आणला, तर आतील संख्या ६०० होते. एकही वीट न रचता ४०० माणसांची जागा मोकळी झाली. याउलट राहण्याचा काळ तसाच ठेवून १,००० ऐवजी १,५०० जागांचा तुरुंग बांधला, तर काही दिवस दाटी कमी दिसेल. पण जागा आहे म्हणून अटकेचा हात सैल सुटेल, तारखा लांबतील, आणि तो तुरुंगही भरेल. नव्या शतकात बांधलेल्या तळोजाच्या कारागृहातही क्षमतेहून अधिक बंदी राहिले, ते याचेच उदाहरण. नवा तुरुंग ही खोल खणलेली कूपनलिका आहे.

आता देशाचे आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि तुरुंगांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती. यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. कायद्याच्या दृष्टीने जे अद्याप निर्दोष आहेत, केवळ त्यांनीच देशातील तुरुंगांची जवळजवळ सारी जागा व्यापलेली आहे. शिक्षा झालेले सारे कैदी म्हणजे वरची भर. महाराष्ट्रात तर गर्दीचे प्रमाण क्षमतेच्या दीडपटीहून अधिक होते. मग अपुरी पडते ती जागा, की न्यायाची गती?

कैद्याच्या दिवसाचे मोल

येथे त्या पारधी तरुणाची हकीकत पुरी केली पाहिजे. त्याला १५,००० रुपयांचा जामीन मंजूर झाला होता, एका लायक जामीनदारासह. लायक जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन अगर घर आहे, ज्याच्यापाशी सात-बाराचा उतारा व तहसील कचेरीचा ऐपतीचा दाखला आहे, असा मनुष्य. पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबाच्या नात्यागोत्यात असा मनुष्य कोठून असणार? कचेरीच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे लोक असतात. त्यांनी मागितलेली रक्कम बाईंना परवडण्यासारखी नव्हती. अखेर मी माझ्या शेताचा उतारा काढला. ऐपतीचा दाखला मिळण्यास आणखी ११ दिवस लागले. साहेब रजेवर, मग शिक्का नाही, मग पुन्हा साहेब नाहीत. जामीन मंजूर झाल्यापासून तो बाहेर येईपर्यंत १३७ दिवस गेले.

मी जुन्या सवयीने हिशोब केला. हा तरुण रोजंदारीवर दिवसाला ४०० रुपये मिळवीत असे. १३७ दिवसांचे ५४,८०० रुपये झाले. जामिनाच्या रकमेच्या साडेतीन पटींहून अधिक नुकसान त्याने आधीच सोसले होते, आणि खटला तर अजून उभाही राहिलेला नाही. त्याने चोरी केली की नाही, हे न्यायालय ठरवील. त्याविषयी मला मत देण्याचा अधिकार नाही. मला दिसले ते एवढेच, की राज्याच्या जमाखर्चात या ५४,८०० रुपयांची नोंद कोठेही होत नाही. अन्नाचा खर्च लिहिला जातो, शिपायांचे पगार लिहिले जातात, इमारतीच्या दुरुस्तीची मागणी लिहिली जाते. आत बसलेल्या माणसाचे जे दिवस गेले, त्यांचा रकानाच नाही.

जुने तुरुंग आजही का चालू आहेत, याचे खरे कारण मला येथे दिसते. गरीब मनुष्याचा वेळ फुकट धरला, की त्याला कितीही दिवस, कितीही दाटीत ठेवणे स्वस्तच पडते. वस्तू फुकट मिळाली की तिची नासाडी होते, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र माणसाच्या दिवसांनाही लागू आहे. हा हिशोब इंग्रजांनी घालून दिला. येरवड्याचा तुरुंग १८७१ चा आणि गुन्हेगार जमाती कायदाही १८७१ चाच. एकाने भिंत दिली, दुसऱ्याने त्या भिंतीआड टाकण्यासाठी जन्मानेच गुन्हेगार ठरविलेली माणसे दिली. कायदा १९५२ साली रद्द झाला, भिंत राहिली, आणि कायद्यामागची नजरही राहिली. कोठे चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालांवर धाड पडते, हे आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावयास नको.

इमारतीहून जुने असे पुष्कळ काही या व्यवस्थेत आहे. स्वतंत्र भारताचे तुरुंग पाऊणशे वर्षे १८९४ च्या कायद्याच्या छायेत चालले; त्याच्या जागी नवा आदर्श कायदा केंद्राने तयार केला तो २०२३ साली. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ साली आपला अहवाल दिला व न्यायाधीन बंद्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवावे असे सांगितले. आजही अनेक तुरुंगांत दोघे एकाच आवारात असतात. तुरुंगातील झाडलोटीचे काम कोणी करावे आणि स्वयंपाक कोणी करावा हे कैद्याच्या जातीवरून ठरविण्याची तरतूद काही राज्यांच्या नियमपुस्तकांत ३ ऑक्टोबर २०२४ पर्यंत होती. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ती घटनाबाह्य ठरविली. असे नियमपुस्तक नव्या कोऱ्या इमारतीत नेऊन ठेवले असते, तर काय नवे झाले असते?

एक आक्षेप

येथे कोणी विचारील, की आपण आरोपींचा कैवार घेता, मग ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि समाजवाद्याने तो टाळता कामा नये. म्हणून आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेतो. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २०१४ साली एका दलित शाळकरी मुलाचा निर्घृण खून झाला. साक्षीदार उलटले, आणि २०१७ साली नगरच्या सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. जी व्यवस्था किरकोळ चोरीच्या आरोपातील मुलाला केवळ सात-बाराचा उतारा नाही म्हणून महिनोन्‌महिने आत ठेवते, तीच व्यवस्था दिवसाढवळ्या पडलेल्या खुनात गुन्हा शाबीत करू शकत नाही. तुरुंग भरलेले असणे आणि न्याय होणे या दोन गोष्टींचा संबंध किती थोडा आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? पीडितांना न्याय हवा असेल तर तपास नेटका हवा, साक्षीदारांना संरक्षण हवे, खटले लवकर चालावयास हवेत. नेमक्या याच गोष्टींनी तुरुंगातील गर्दीही ओसरेल. दोन्ही मागण्या एकच आहेत.

आणि दुसरा मार्ग नाही असे नाही. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या विचारातून ती उभी राहिली. भिंत नाही, साखळदंड नाही, कैदी शेती करतात व कुटुंबासह राहू शकतात. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागची प्रेरणा हीच. चित्रपटाला लोकांनी डोक्यावर घेतले. वसाहतीचा धडा मात्र फार पुढे गेला नाही. खुल्या कारागृहांतील जागा आजही थोड्या आहेत, आणि त्या मिळतात त्या शिक्षा झालेल्या निवडक कैद्यांना. म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला त्याला निदान झाडाखाली काम करण्याची आशा आहे. ज्याचा झालेला नाही त्याच्यासाठी फक्त बराक.

आपल्या हातून काय राहिले

या बाबतीत आपण स्वतःला दोषमुक्त समजू नये. १९७७ साली ज्यांनी केंद्रात सत्ता घेतली, त्यांतील कितीतरी जण नुकतेच तुरुंगातून बाहेर आले होते. मिसा रद्द झाला, ही मोठी गोष्ट झाली. महाराष्ट्रात पुलोदच्या काळात गृहखात्याचे राज्यमंत्री भाई वैद्य यांनी पोलिसांची अर्धी चड्डी घालवून त्यांना पूर्ण लांबीची विजार दिली. शिपायाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ती सुधारणा लहान नव्हती. पण तुरुंगाच्या दारातून आपण बाहेर आलो तसे ते दार आपल्यामागे बंद झाले, आणि आत राहिलेल्यांचा आपल्याला विसर पडला. राजकीय कैद्याला तुरुंग ही एक परीक्षा असते. बाहेर त्याची वाट पाहणारी सभा असते. गरीब कैद्याची वाट पाहत एक बाई दाराशी बसलेली असते आणि तिला आत काय चालले आहे ते कोणी सांगत नाही.

म्हणून भाषणे पुरेत. काही साधी कामे सुचवितो. पहिले, प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते. आपल्या जिल्ह्यात तिच्या बैठका केव्हा झाल्या, किती जणांच्या सुटकेची शिफारस झाली, जामीन मंजूर होऊनही किती जण आत आहेत, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी व जाहीर सभेत वाचून दाखवावी. आमच्या गावात पाण्याचा ताळेबंद फळ्यावर येतो. जिल्ह्यातील माणसांचा ताळेबंद का येऊ नये?

दुसरे, गरीब कैद्यांच्या साहाय्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. २०२३ च्या नियमांनुसार जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत व दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. त्या तरुणाला किंवा त्याच्या आईला हे कोणी सांगितले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर मलाही ते उशिरा कळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या मनुष्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला सोडावयाचे आहे. पण ज्याच्यावर एकाहून अधिक खटले प्रलंबित आहेत त्याला या कलमाचा लाभ नाही. एकेका पारधी तरुणावर चार-चार गुन्हे नोंदवून ठेवण्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना या अटीचा अर्थ समजेल. ती बदलण्याची मागणी आपणच केली पाहिजे.

तिसरे, आणि हे सर्वांत सोपे. आपल्यापैकी ज्यांच्या नावावर चार एकर जमीन आहे त्यांनी आपला उतारा व ऐपतीचा दाखला तयार ठेवावा. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रश्न आला होता तो हाच. खालच्या न्यायालयाने गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात राहतो म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवून आरोपीची ऐपत पाहून रक्कम ठरवावी असे सांगितले. साडेचार दशके उलटून गेली तरी पारधी मुलापुढे १५,००० चा डोंगर उभाच आहे. निकालपत्र वाचणारे पुष्कळ आहेत. जामीन राहणारे थोडे.

या तीन गोष्टी झाल्या म्हणजे जुन्या इमारतींचे काय करावे हा प्रश्न आपोआप सोपा होईल. गर्दी ओसरली की कोणती बराक दुरुस्त करून वापरावी, कोणती पाडावी आणि कोणती पुढच्या पिढ्यांना दाखविण्यासाठी राखावी, हे शांतपणे ठरविता येईल. आणि स्मारक झालेच तर माझी एक विनंती आहे. थोर पुरुषांच्या खोलीशेजारी एक बराक तशीच राहू द्यावी. तिच्या दारावर, गुन्हा शाबीत न होता तेथे किती माणसे किती दिवस राहिली, एवढाच आकडा लिहावा.

तो तरुण सध्या आमच्या पंचक्रोशीत कांदा काढणीच्या कामाला येतो. तारखेच्या दिवशी कोर्टात जातो व संध्याकाळी, पुढची तारीख पडली, एवढे सांगून जातो. परवा त्याच्या आईने मला विचारले, की तुमच्या शेतावर आता काही बोजा तर आला नाही ना. मी म्हणालो, “नाही, बाई.” त्यांना माझ्या चार एकरांची काळजी होती. त्यांच्या मुलाच्या १३७ दिवसांविषयी मात्र त्यांना अजून कोणीही काही विचारलेले नाही.